गुन्ह्याची बातमी आणि विद्यार्थी बातमीदार

(ज्युबिली महोत्सवाच्या सप्ताहात तरुणवर्गाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या व्याख्यानमालेत धर्मगुरूने चोऱ्या, मारामाऱ्या व खून ह्यांविषयी बोलावे, हे तुम्हांपैकी पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. महोत्सवाच्या मंडळींनी आम्हांस 'तरुण आणि वृत्तपत्रे' असा सौम्य विषय दिला होता. त्यातील एकच कोपरा आम्ही आज झाडावयास घेतला आहे. सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र हाती आले म्हणजे आपल्या घरांतून प्रथम कोणते पान उघडले जाते, हे आम्ही घरभेटींच्या वेळी पाहत आलो आहो. अग्रलेख पुष्कळदा न वाचता रद्दीत जातो. इंदापूर तालुक्यात कोठे दरोडा पडला, कोणत्या वस्तीवर कोयता निघाला, हे मात्र अक्षरन् अक्षर वाचले जाते व दुपारपर्यंत कॉलनीच्या तिन्ही गल्ल्यांत पोहोचते. जे इतक्या आवडीने वाचले जाते ते लिहितो कोण आणि कशावरून, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो.

शिवाय काळ बदलला आहे. शेठ वालचंद हिराचंद ह्यांनी नीरेच्या कालव्याच्या पाण्यावर कळंबच्या माळरानात ऊस उभा केला व त्यावर साखरेचा कारखाना घातला, तेव्हा येथे आलेल्या कुटुंबांतील मुलांपुढे फिटर, टर्नर किंवा कारकून ह्यांवाचून दुसरी वाट नव्हती. आज ह्याच गावी अंतराळयानांचे भाग घडतात आणि आपली मुले नाना विद्या शिकण्यास पुण्यामुंबईस जातात. काही वृत्तपत्रविद्येकडेही वळली आहेत. त्या शिक्षणक्रमात विद्यार्थ्यास शहराची एखादी पेठ किंवा झोपडवस्ती नेमून देतात आणि तेथील गुन्ह्यांची हकीकत लिहून आणावयास सांगतात. अठरावीस वर्षांचे पोर, खिशात वही, गळ्यात विद्यालयाचे ओळखपत्र, आणि समोर अनोळखी वस्ती. ह्या पोराविषयी आज बोलावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. अशा कामास आपल्या सज्जन घरांतील मुलामुलींनी हात लावू नये, असे मत आम्ही अनेक वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. "फादर, घाणीत दगड मारला तर शिंतोडे अंगावर येतात," असे ते म्हणतात. आम्हांस हे मत मान्य नाही. मराठी वृत्तपत्राचा जन्मच विशीच्या आसपासच्या एका तरुणाच्या हातून झाला. बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' काढले, आणि महाराष्ट्रात तो दिवस पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. ख्रिस्तसभेत तो तीन राजांच्या सणाचा दिवस होय, आणि हा योगायोग आम्हांस फार गोड वाटतो. दूरच्या एका खुणेवरून ते तिघे निघाले. हेरोदाच्या राजवाड्यात मिळालेल्या माहितीवर न थांबता थेट घरापर्यंत जाऊन त्यांनी डोळ्यांनी पाहिले. आणि परतताना हेरोदास पत्ता न देता दुसऱ्या वाटेने आपल्या देशी गेले. बातमीदारास ह्याहून बरा कित्ता कोठे मिळेल?

गुन्ह्याची बातमी छापली जाण्याचे मोल काय असते, हे एका दुःखद उदाहरणावरून सांगतो. मुंबईत महालक्ष्मी स्थानकाजवळ शक्ती मिल नावाची बंद पडलेली गिरणी आहे. २२ ऑगस्ट २०१३ रोजी बावीस वर्षांची एक उमेदवार छायाचित्रकार तरुणी आपल्या सहकाऱ्यासह नेमून दिलेल्या कामासाठी तेथे गेली. तेथे तिच्यावर जे अत्याचार झाले त्यांचे वर्णन ह्या व्यासपीठावरून करण्याचे कारण नाही. तिने गप्प न बसता फिर्याद दिली, व दुसऱ्या दिवशी ती बातमी देशभर पसरली. पुढे काय झाले ते ध्यानात घ्या. टेलिफोनवर काम करणाऱ्या दुसऱ्या एका तरुणीवर त्याच गिरणीत त्याच टोळीतील माणसांनी ३१ जुलै रोजी, म्हणजे तीन आठवडे अगोदर, तसेच अत्याचार केले होते. ती मूकपणे सोसत होती. ही बातमी झाली तेव्हा तिला धीर आला व तीही पोलिसांकडे गेली. दोन्ही खटले चालले. एप्रिल २०१४ मध्ये सत्र न्यायालयाने तिघांस फाशी सुनावली, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती शिक्षा बदलून मरेपर्यंत कारावास दिला. पहिली बातमी दडपली गेली असती तर दुसरी मुलगी बोलली असती काय? जे लोक 'असल्या गोष्टी छापू नयेत' असे म्हणतात त्यांनी ह्याचे उत्तर द्यावे.

आणि त्याच प्रकरणातील दुसरी गोष्ट. त्या दोघींची नावे छापण्यास कायद्याने मनाई होती व आहे. पूर्वी ती भारतीय दंडसंहितेच्या कलम २२८-अ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत ती कलम ७२ मध्ये आली आहे. बालकांच्या बाबतीत तर केवळ नावच नव्हे, तर शाळा, घर, शेजार, ज्यावरून ओळख पटेल ते काहीही प्रसिद्ध करता येत नाही. म्हणजे बातमी पूर्ण सांगावयाची आणि एक नाव पोटात ठेवावयाचे, असे दोन्ही धर्म एकाच वेळी पाळावे लागतात. पापनिवेदनाच्या कोठडीत बसणाऱ्या माणसास पोटात ठेवणे काय असते हे ठाऊक असते. पण आमचे काम त्या मानाने सोपे, कारण आम्हांस काहीच बोलावयाचे नसते. बातमीदारास बोलून गुप्त ठेवावयाचे असते.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. आपल्यातीलच एका विद्यार्थिनीने, पुण्यातील एका वस्तीचे काम अंगावर घेतले असता, सुटीत आम्हांस विचारले, "फादर, ठाण्यात गेले की नाव, वय, पत्ता सगळे मिळते. वस्तीत गेले की कोणी तोंड उघडत नाही. मग मी लिहू कोणाचे?" प्रश्न एवढासाच होता. परंतु गुन्ह्याची बातमी लिहिण्यातील सारी मेख त्यात आहे.

बातमी तयार कशी होते ते पाहा. सकाळी बातमीदार ठाण्यात जातो किंवा ठाणे अंमलदारास फोन करतो. रात्री कोणता गुन्हा दाखल झाला, कोण ताब्यात आहे, किती मुद्देमाल मिळाला, हे त्यास कळते. संध्याकाळी त्याचा मजकूर होतो. ह्यात पोलिसांचा दोष नाही. त्यांचे काम फिर्याद नोंदविण्याचे व तपास करण्याचे आहे, आणि आपल्या वालचंदनगरच्या ठाण्यापासून मोठ्या शहरांतील ठाण्यांपर्यंत ते अपुऱ्या माणसांनिशी रात्रंदिवस चालू असते. दोष वाचणाराचा व लिहिणाराचा आहे. ज्यास आपण एफआयआर म्हणतो तो प्रथम खबरी अहवाल म्हणजे काय? कोणीतरी ठाण्यात येऊन सांगितले ते लिहून घेतलेला कागद. त्यातील मजकूर खरा असू शकेल, अर्धा असू शकेल, शेताच्या बांधाच्या भांडणातून जन्मलेलाही असू शकेल. तो तपासाचा आरंभ होय. परंतु दुसऱ्या दिवशी छापून येते ते असे, की जणू निकालपत्रच वाचून दाखविले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी दिलेल्या निर्णयानुसार, नाजूक गुन्हे वगळता, हे अहवाल चोवीस तासांच्या आत पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवावे लागतात. विद्यार्थ्यास मूळ कागद वाचण्याची सोय झाली, हे उत्तम झाले. परंतु कागद वाचला म्हणजे घटना पाहिली असे होत नाही.

शब्दही पाहा. 'सराईत गुन्हेगार जेरबंद.' जेरबंद हा घोड्याच्या साजातील शब्द. घोड्याने मान वर उचलू नये म्हणून बांधावयाचा तो पट्टा. 'मुसक्या आवळल्या' हाही शब्द तसाच. ज्याचा खटला अजून उभाही राहिला नाही त्यास आम्ही जनावराच्या साजात उभा करतो आणि रविवारी मिस्साला येऊन 'शेजाऱ्यावर प्रीती कर' हे ऐकतो! पण त्यातला सर्वांत विषारी शब्द 'जेरबंद' नव्हे, 'सराईत' होय. त्याविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण तो आपल्या दाराशी येऊन पोहोचतो.

बारामती, इंदापूर, दौंड ह्या बाजूस पारधी समाजाची पाले आपण सर्वांनी पाहिली आहेत. उसाच्या हंगामात बीड व अहिल्यानगर भागांतून तोडणीस येणाऱ्यांच्या कोप्याही पाहिल्या आहेत. कोठे चोरी झाली की पहिली बोटे कोठे वळतात, हे सांगण्याची आवश्यकता नाही. ही बोटे आपोआप वळलेली नाहीत. ती कायद्याने वळविली होती. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला व पुढे १९११ आणि १९२४ च्या कायद्यांनी तो वाढवून पक्का केला. त्या कायद्यात माणसाने काय केले हे पाहावयाचे नव्हते. तो कोणाच्या पोटी जन्मला एवढे पुरत असे. पारध्यांसारख्या जमातींची नोंदवही, ठरल्या वेळी हजेरी, परगावी जाण्यास परवाना, आणि काहींच्या वाट्यास तारेच्या कुंपणातील वसाहत. येथून पूर्वेस सोलापूर लांब नाही. तेथील एका वस्तीस अजूनही लोक 'सेटलमेंट' म्हणतात. ते नाव त्या कुंपणाचेच उरलेले चिन्ह होय.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला व त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण सात वर्षांत, १९५९ साली, मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. तो जमातीस नव्हे, वारंवार शिक्षा झालेल्या व्यक्तीस लागू होता, ही गोष्ट खरी. परंतु बोलीत व बातमीत हा भेद कोण पाळतो? जमातीचे नाव आणि 'सराईत' हा शब्द एकाच ओळीत इतक्या वेळा छापले गेले, की ते दोन्ही एकच आहेत असे वाचणाऱ्यास वाटू लागले. पालावरचे एखादे पोर शाळेत गेले तर पेन्सिल हरवल्यावर त्याचेच दप्तर प्रथम का उलटे करतात, ह्याचे कारण त्या छापील ओळीत शोधावे.

ह्याच बाबतीत एका बातमीदार स्त्रीने काय केले ते ऐका, म्हणजे लेखणीचा दुसरा उपयोगही कळेल. सुकन्या शांता ह्या मुंबईत राहून काम करणाऱ्या पत्रकार. तुरुंगांत कोणी झाडावे, कोणी स्वयंपाक करावा, हे बंद्यांच्या जातीवरून ठरते आणि तसे नियम तुरुंगांच्या छापील नियमपुस्तकांतच आहेत, हे त्यांनी २०२० साली लेखांतून उघड केले. सुटून आलेल्या बंद्यांकडून ऐकले आणि मग नियमपुस्तके काढून ताडून पाहिली, अशी ती पद्धत. पुढे त्या स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने ते नियम घटनाविरुद्ध ठरविले, बंद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढावयास सांगितला, आणि विमुक्त जमातींच्या लोकांस जन्मावरून 'सराईत' समजण्याच्या रीतीवरही बोट ठेवले. येथे आरंभ कोठून झाला? ज्यांचे म्हणणे कोणी विचारीत नाही अशांच्या तोंडून. ठाण्याच्या पायरीवरून ही बातमी कधीच मिळाली नसती.

तेव्हा विद्यार्थ्याने वस्तीत गेलेच पाहिजे, हे उघड झाले. पण वस्तीत जाणे म्हणजे सत्यास पोहोचणे, असेही कोणी समजू नये. ह्याचे उदाहरण समुद्रापलीकडून द्यावे लागते, कारण विद्यार्थी बातमीदारांच्या हातून एवढे मोठे काम आणि त्याच कामात एवढे मोठे संकट दुसरीकडे क्वचितच झाले असेल.

अमेरिकेतील शिकागो शहराच्या दक्षिण भागात वॉशिंग्टन पार्क नावाचे उद्यान आहे. तेथील पोहण्याच्या तलावापाशी १५ ऑगस्ट १९८२ रोजी रात्री उशिरा एक तरुण व त्याची वाग्दत्त वधू ह्यांचा गोळ्या घालून खून झाला. त्याच भागातील अँथनी पोर्टर ह्या माणसास साक्षीवरून दोषी धरून मृत्यूची शिक्षा झाली. सोळा वर्षे गेली. सप्टेंबर १९९८ मध्ये, शिक्षेस अवघे दोन दिवस उरले असता, न्यायालयाने ती थांबविली; ती पोर्टर निर्दोष म्हणून नव्हे, तर त्याची बुद्धी इतकी मंद आहे की आपणांस काय होणार हे त्यास समजते की नाही हे पाहण्यासाठी. त्या मिळालेल्या अवधीत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील वृत्तपत्रविद्येचे काही विद्यार्थी, आपले प्राध्यापक डेव्हिड प्रोटेस ह्यांच्या मार्गदर्शनाखाली, ह्या खटल्याच्या मागे लागले.

त्यांनी आधी काय केले? ते उद्यानात गेले. साक्षीदार जेथे उभा होता असे म्हणाला तेथे उभे राहिले, आणि तेथून गोळी झाडणारा दिसेल काय हे पाहिले. तेथून दिसते ह्यावर त्यांचा विश्वास बसेना. मग साक्षीदारास भेटले. त्याने आपली साक्ष फिरविली व ती पोलिसांच्या दडपणाखाली दिली होती असे सांगितले. एवढे काम विशीतल्या मुलांनी केले. मित्रांनो, सोळा वर्षांत वकिलांनी, न्यायाधीशांनी, मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी जे केले नाही, ते काही मुलांनी पायी चालत जाऊन केले. फेब्रुवारी १९९९ मध्ये पोर्टर तुरुंगाबाहेर आला. इलिनॉय राज्याच्या राज्यपालांनी पुढच्याच वर्षी सर्व मृत्युदंड स्थगित केले, आणि २०११ साली त्या राज्याने ती शिक्षाच रद्द केली. एका विद्यालयीन अभ्यासातून राज्याचा कायदा बदलला!

आम्ही येथेच थांबलो असतो तर व्याख्यान गोड झाले असते. पण हकीकत येथे संपत नाही. पोर्टर सुटला तो केवळ साक्ष फिरली म्हणून नव्हे. त्या तपासमंडळींनी दुसरे एक नाव पुढे आणले होते, अल्स्टोरी सायमन. प्राध्यापकांबरोबर काम करणारा खाजगी गुप्तहेर सायमनच्या घरी गेला. एका नटाकडून खोटी साक्ष वठवून घेऊन तिचे चित्रण त्याने सायमनला दाखविले, आणि त्याच्याकडून कबुलीजबाब चित्रित करून घेतला. सायमनने पुढे न्यायालयातही गुन्हा कबूल केला व त्यास सदतीस वर्षांची शिक्षा झाली. नंतर तो सांगत राहिला की, ती कबुली आपणांकडून फसवून घेतली. पंधरा वर्षांनंतर, ३० ऑक्टोबर २०१४ रोजी, सरकारी वकिलांनीच ती शिक्षा रद्द करून घेतली. कबुली मिळविण्याची ती रीत जबरदस्तीची होती व पोलिसांनी तसे केले असते तर ते मुळीच चालले नसते, असे त्यांचे म्हणणे होते. सायमन घरी आला. त्या दोघा तरुण जिवांचा खून कोणी केला, ह्यावर तेथे अजून वाद आहे.

ह्या हकीकतीवर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. कोणी म्हणेल, मुलांनी ह्यात पडावयास नको होते. आम्ही तसे म्हणत नाही. ती पडली नसती तर पोर्टरचे काय झाले असते हे देवासच ठाऊक. परंतु ह्यात दोन निरनिराळी कामे होती व ती एकात एक मिसळली. एक काम जुने नाव खोडण्याचे: साक्षीदार येथे उभा होता, येथून त्यास दिसले असेल काय? ह्यास पाय लागतात, डोळे लागतात, धीर लागतो. दुसरे काम नवे नाव घालण्याचे. त्यास न्यायासन लागते, दोन्ही बाजूंचे वकील लागतात, उलटतपासणी लागते. वहीपेन्सिल तेथे पुरत नाही. वाचकास मात्र रिकामी जागा सोसत नाही. एक नाव खोडले की 'मग केले कोणी?' असे तो विचारतो, आणि बातमीदाराचा हात शिवशिवू लागतो. ज्या घाईने पोलिसांनी पोर्टरला धरले असा आरोप होता, तीच घाई पोर्टरच्या कैवाऱ्यांच्या घरात शिरली.

हे काही परदेशातच घडते असे समजू नका. मुंबईचे नामांकित गुन्हेवार्ताहर ज्योतिर्मय डे ह्यांचा ११ जून २०११ रोजी पवईत गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर काही महिन्यांनी जिग्ना व्होरा ह्या पत्रकार महिलेसच त्या कटात सामील म्हणून अटक झाली. काल गुन्ह्यांच्या बातम्या लिहिणारी बाई आज स्वतः बातमी झाली, आणि तिच्याच व्यवसायबंधूंनी तिच्याविषयी काय काय लिहिले ते त्या वेळच्या अंकांत पाहता येईल. २ मे २०१८ रोजी विशेष न्यायालयाने छोटा राजन व इतरांस जन्मठेप दिली, आणि जिग्ना व्होरा ह्यांस निर्दोष सोडले. उच्च न्यायालयानेही ती सुटका कायम केली. सात वर्षे मधे गेली. अटकेची बातमी वाचलेल्या किती जणांनी सुटकेची बातमी वाचली असेल?

आपल्या धर्मशिक्षणात चोरीची आज्ञा सातवी आणि खोट्या साक्षीची आठवी. गुन्ह्याच्या पानावर ह्या दोन्ही शेजारी शेजारी बसतात. चोर सातवी मोडतो आणि त्याच्याविषयी लिहिणारा आठवी मोडू शकतो. नीतिशास्त्र शिकविताना सेमिनरीत आम्हांस दोन पापांतील भेद समजावून दिला होता. खोटे बोलून कोणाचे नाव घालविणे हे एक. आणि खरी गोष्टसुद्धा कारणावाचून चव्हाट्यावर आणून नाव घालविणे हे दुसरे. दुसऱ्याचे आपणांस सहसा भान नसते, कारण 'खरेच तर सांगितले' असे समाधान असते. आणि दोन्हींत भरपाई लागते. चोरलेली कोंबडी परत करता येते. घालविलेले नाव परत करण्यास ते जेथे जेथे घालविले तेथे तेथे पुन्हा जावे लागते. पहिल्या पानावर अटक आणि सातव्या पानाच्या तळाशी दोन ओळींत सुटका, ही भरपाई होत नाही.

बातमीदारावरच सारा भार टाकून मोकळे होणे मात्र न्याय्य नाही. "वस्तीत कोणी तोंड उघडत नाही," असे ती विद्यार्थिनी म्हणाली होती. वस्ती म्हणजे कोण? आपणच. शेजारच्या घरातून रात्री किंकाळी ऐकू येते आणि सकाळी आपण 'आम्हांला काही ठाऊक नाही' म्हणतो. कॉलनीत दारूचा चोरटा धंदा कोणाचा, व्याजाने पैसे देऊन कोणाची जमीन कोणी लिहून घेतली, हे चहाच्या टपरीवर सर्वांस ठाऊक असते व ठाण्यात कोणासही ठाऊक नसते. मग ठाण्याचे एकच तोंड उरते व विद्यार्थी तेच लिहून नेतो. भीती खरी आहे, ती आम्ही नाकारीत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर येथे पत्रकार शशिकांत वारिशे ह्यांच्या दुचाकीवर ६ फेब्रुवारी २०२३ रोजी मोटार घातली गेली व दुसऱ्या दिवशी ते मरण पावले. ज्या माणसाविषयी त्यांची बातमी त्याच दिवशी छापली होती, त्याच्यावरच ह्या खुनाचा आरोप ठेवण्यात आला. तेव्हा मुलांस सांगणे आहे: फुशारकीने एकट्याने जाऊ नका, कोठे जातो व केव्हा परततो हे कोणास तरी सांगून जा, ज्याने विश्वासाने सांगितले त्याचे नाव मित्रांतसुद्धा काढू नका. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ साली कायदा केला आहे, परंतु तो वृत्तसंस्थेत नोकरीवर वा करारावर असलेल्या माणसास उद्देशून आहे. विद्यार्थ्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नसते. त्यास पाठविणाऱ्या शिक्षकांनी व घरच्यांनी हे ओळखून असावे.

आता एक अगदी व्यवहाराची सूचना, आणि मग आम्ही तुम्हांस चहासाठी मोकळे करतो. ठाणे व वस्ती ह्यांखेरीज तिसरी एक जागा आहे, जेथे विद्यार्थ्यास कोणाची ओळख लागत नाही, जेथे कोणी 'तू कोणाचा?' असे विचारीत नाही. ती जागा म्हणजे न्यायालय. आपल्याकडचे लहान खटले इंदापूरला चालतात, मोठे बारामतीच्या सत्र न्यायालयात. अत्याचाराचे व बालकांचे खटले वगळता न्यायालयाचे दार कायद्यानेच उघडे असते, व मागच्या बाकावर कोणीही बसू शकतो. बसून पाहा. ठाण्याच्या पत्रकात जो एका ओळीत 'जेरबंद' झाला होता, तो तेथे माणसाच्या रूपाने उभा असतो. त्याची आई झाडाखाली डबा घेऊन बसलेली असते, आणि ज्याच्या घरी चोरी झाली तोही बापडा रोजगार बुडवून पाचव्या तारखेस आलेला असतो. पंच सांगतो, पंचनाम्यावरची सही माझी, पण तेथे मी गेलो नव्हतो. साक्षीदार फिरतात. कधी सरळ पुरावा समोर येतो आणि आरोपी मान खाली घालतो. बहुतेक दिवस नुसती पुढची तारीख पडते, व निकालाच्या दिवशी हुकूम वाचण्यास दोनचार मिनिटे पुरतात. त्या वेळी खोलीत वर्तमानपत्राचा माणूस बहुधा नसतो.

वहीत बातमीखाली खटल्याचा क्रमांक व पुढची तारीख लिहून ठेवावी. वालचंदनगरहून बारामतीची एस.टी. सकाळी मिळते, आणि न्यायालयाचे काम अकराच्या सुमारास सुरू होते.